स्वीडनमधला शेवटचा महिना : लेकीला थांबू द्यावे का?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून ती गेल्या ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी स्वीडनला गेली आणि स्टॉकहोमजवळ एका कुटुंबात राहते आहे. आई, वडील, चोवीस वर्षांची थोरली मुलगी आणि शाळेत जाणारा मुलगा, असे ते कुटुंब आहे. आमच्या मुलीचे परतीचे तिकीट १४ जूनचे आहे. आता ती म्हणते की, मला आणखी महिनाभर राहू द्या. १९ जूनला तिथला मोठा सण आहे आणि तो त्या कुटुंबाच्या बेटावरच्या घरी साजरा करायचा आहे. त्यानंतर तिच्यासारख्याच तीन परदेशी विद्यार्थ्यांबरोबर कोपनहेगन, हॅम्बुर्ग, बर्लिन, प्राग असा सोळा दिवसांचा रेल्वेप्रवास तिने ठरवला आहे. चौघेही सतरा वर्षांचे. तिच्या बाबांनी ऐकताक्षणी ‘नाही’ म्हणून टाकले, कारण त्या सणाला सगळा देश दारू पितो असे त्यांनी कुठेतरी वाचले आहे. तेव्हापासून ती फोनवर ‘हो’, ‘बरी आहे’, ‘जेवले’ एवढेच बोलते.

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. ३० एप्रिलच्या रात्री तिथे मोठी होळीसारखी आग पेटवतात. त्या आगीसमोर यजमान बाईंच्या खांद्यावर डोके टेकून उभी असलेली माझी मुलगी मला दुसऱ्या दिवशी एका फोटोत दिसली, आणि तो फोटो तिने मला पाठवलेला नव्हता. ती त्यांना ‘मम्मा’ म्हणते. थांबू दिले तर ती आमच्यापासून आणखी दुरावेल अशी भीती वाटते, आणि नको म्हटले तरी तेच होईल असेही वाटते. काय करावे?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक तिकिटाचा आणि दुसरा फोटोचा. दुसरा अधिक खोल आहे, पण पहिल्याला तारखा चिकटलेल्या आहेत आणि त्या जवळ येत आहेत, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. मुलीला १९ जूनच्या सणासाठी थांबू द्या. सोळा दिवसांच्या प्रवासाला, तो आज ज्या स्वरूपात ठरला आहे त्या स्वरूपात, परवानगी देऊ नका. मात्र त्याऐवजी दोन लहान प्रवासांना मनापासून हो म्हणा. महिन्याऐवजी तीन आठवडे वाढवून ५ जुलैच्या रविवारी ती परत निघाली, तर तिच्या वर्षाचा शेवट नीट होईल आणि तुमची झोपही उडणार नाही.

सणाबाबत मी इतक्या ठामपणे का सांगते, हे समजण्यासाठी तिचे हे वर्ष तिच्या बाजूने पाहावे लागेल. ती ऑगस्टमध्ये पोहोचली तेव्हा तिथला उन्हाळा ओसरत होता. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला जेमतेम सहा तासांचा दिवस असतो आणि दुपारी तीनच्या आधीच सूर्य मावळतो. परक्या भाषेत, परक्या घरात, शाळेतून अंधारात परतण्याचे ते महिने तुमच्या मुलीने काढले आहेत. त्या काळात तिने तुम्हाला रडून फोन केले असतील किंवा मुद्दाम केले नसतील. ३० एप्रिलची आग, जिला तिथे वालबोर्ग म्हणतात, ही त्या अंधाराला दिलेला निरोप असते. लोक आगीभोवती जमतात आणि गायकवृंद वसंताची गाणी म्हणतात. मग जूनच्या सुरुवातीला शाळा संपतात, शेवटच्या वर्षाची मुले पांढऱ्या टोप्या घालून शाळेच्या दारातून धावत बाहेर येतात आणि बाहेर त्यांचे आईवडील मुलांच्या लहानपणीचे मोठे केलेले फोटो उंच धरून उभे असतात. ६ जूनला राष्ट्रीय दिन असतो. आणि या सगळ्याच्या टोकाला येतो मिडसोमर, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांचा सण. पूर्वी त्याची पूर्वसंध्या २३ जूनला ठरलेली असे. १९५३ पासून ती १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी धरतात. यंदा तो शुक्रवार १९ तारखेला आहे. तिचे विमान १४ तारखेचे आहे. वर्षभर पंगतीत बसून सगळे वाढप पाहिलेल्या माणसाला पक्वान्न येण्याआधी ताटावरून उठवावे, तसे हे होईल.

मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका मिडसोमरला मी दालारना प्रांतात, सिलयान सरोवराच्या काठी, ओळखीच्या एका कुटुंबाकडे होते. त्यांच्याकडेही देवाणघेवाणीतून आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा होता, दक्षिण अमेरिकेतला. सकाळी पाऊस होता, जो त्या दिवशी हमखास असतो असे सगळे हसत सांगत होते. स्वयंपाकघरात घमेलेभर नवे बटाटे होते. ते सोलत नाहीत, नुसते ब्रशने घासून शेपूबरोबर उकडतात. घासायचे काम त्या मुलाकडे होते. ते झाल्यावर घरातल्या आजींनी त्याला बारीक तार, बर्चच्या कोवळ्या डहाळ्या आणि रानफुले दिली आणि डोक्यावर घालायचे कडे करायला बसवले. दोनदा त्याचे कडे सुटून फुले मांडीवर पडली. तिसऱ्या वेळी आजींनी काही न बोलता त्याची बोटे आपल्या बोटांत धरली आणि तार कशी आवळायची ते दाखवले. दुपारी गावच्या कुरणावर पानाफुलांनी मढवलेला उंच खांब आडवा ठेवला होता. तो उभा करायला माणसे काठ्यांच्या जोड्या कात्रीसारख्या बांधून त्याला खालून टेकू देतात आणि एकाच्या हाकेवर सगळे मिळून थोडे थोडे वर रेटतात. तो मुलगाही त्यांच्यात होता. खांब उभा राहिल्यावर सगळे गोल धरून नाचले, पांढऱ्या केसांच्या माणसांनीही बेडकांसारख्या उड्या मारल्या, आणि नंतर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसत तो म्हणाला, “इथे वर्षभर मी पाहुणा होतो. आज मला कुणीही ‘तू बस’ म्हणाले नाही.”

तुमच्या मुलीला १९ जूनला हवे आहे ते हेच, असे मला वाटते. सण तिला पाहायचा नाही. त्यात तिला काम हवे आहे. या एका दिवसासाठी वर्षभराची भाषा, वर्षभराची ओळख लागते, आणि ती कमाई तिने केलेली आहे.

आता तिच्या बाबांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. मिडसोमरच्या जेवणात मोठी माणसे गाणी म्हणत कडक मद्याचे लहान प्याले घेतात आणि अनेक जण पुष्कळ पितात. पण त्याच देशात मद्यविक्रीवर कडक नियंत्रण आहे. कडक मद्य, वाइन आणि नेहमीची बिअर किरकोळीत जवळजवळ फक्त सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानांत मिळते, आणि तिथे वीस वर्षांखालच्या कुणालाही काही विकत नाहीत. उपाहारगृहात मद्य मिळण्याचे वय अठरा आहे. तुमची मुलगी दोन्हींत बसत नाही. शिवाय अशा कार्यक्रमांचे स्वतःचे नियम असतात. रोटरीच्या देवाणघेवाणीत तर दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना मनाई असल्याचे मुलांना जाण्याआधीच बजावलेले असते. तेव्हा बाबांनी ‘तिथे दारू असते’ म्हणून नाही म्हणण्यापेक्षा यजमान आईवडिलांना सरळ विचारावे की, त्या रात्री बेटावर कोण कोण असेल, मुले कुठे असतील, आणि न पिणारे एक मोठे माणूस शेवटपर्यंत जागे असेल का. स्वीडिश माणसाला असा थेट प्रश्न उद्धट वाटत नाही. उलट, आडून आडून विचारले तर त्यांना कळत नाही.

मला स्वतःला दारूपेक्षा पाण्याची काळजी अधिक वाटते. स्टॉकहोमपुढच्या समुद्रात सुमारे तीस हजार लहानमोठी बेटे आणि खडक आहेत आणि तिथे माणसे होडीने असे ये-जा करतात जसे आपण रिक्षाने करतो. जूनमध्ये हवा उबदार वाटली तरी पाणी बरेच थंड असते, आणि थंड पाण्यात अचानक उडी मारली की उत्तम पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. रात्री दहापर्यंत उजेड असल्यामुळे ‘अजून एकदा डुंबू’ असे कुणीतरी म्हणतेच. म्हणून तिच्याकडून दोन गोष्टींचे वचन घ्या : होडीत पाय ठेवण्याआधी जीवरक्षक जाकीट घालायचे, मग अंतर कितीही कमी असो; आणि जेवणानंतर पाण्यात उतरायचे नाही. एवढेच मागा. वीस सूचना दिल्या की मुले त्यातली एकही ऐकत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच करायला सांगा. त्या बेटांवरच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून विषाणूजन्य मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर लस आहे. पहिल्या दोन डोसांत साधारण महिन्याचे अंतर ठेवतात, म्हणजे या आठवड्यात पहिला घेतला तर दुसरा सणाआधी होईल. गोचिडीतून होणाऱ्या बोरेलिया या दुसऱ्या आजारावर अशी लस घेता येत नाही, पण वेळेवर ओळखला तर तो प्रतिजैविकांनी बरा होतो. रोज रात्री गुडघ्याची मागची बाजू, काखा, केसांची कड तपासायची आणि गोचीड दिसली तर चिमट्याने लगेच काढायची, ही सवय तिच्या यजमान भावाला लहानपणापासून असेल. ती त्याच्याकडून शिकेल.

तिकीट पुढे ढकलण्याआधी मात्र तुम्हाला तीन कागद पाहावे लागतील, आणि हा माझ्या उत्तराचा कोरडा पण सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पहिला कागद म्हणजे तिचे निवास परवान्याचे कार्ड. तीन महिन्यांहून अधिक राहण्यासाठी भारतीय नागरिकाला स्वीडनचा निवास परवाना घ्यावा लागतो आणि तो कोणत्या तारखेपर्यंत आहे हे कार्डावरच छापलेले असते. ती तारीख ५ जुलैच्या पुढची असेल तर प्रश्नच नाही. ती जूनमधली असेल तर मुदत संपण्याआधीच तिथल्या स्थलांतर खात्याकडे विचारणा करावी लागेल, आणि स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर तिला १४ तारखेलाच यावे लागेल. याबाबत भावनेला जागा देऊ नका. मुदत ओलांडून राहिल्याची नोंद पुढे तिच्या प्रत्येक व्हिसाला आडवी येऊ शकते. दुसरा कागद विम्याचा. अशा कार्यक्रमांचा विमा बहुधा कार्यक्रमाच्या शेवटच्या तारखेला संपतो, म्हणजे पुढच्या तीन आठवड्यांचा विमा वेगळा काढावा लागेल. तिसरा कागद संस्थेबरोबरच्या कराराचा. त्यात परतीची तारीख बंधनकारक आहे का, आणि त्या तारखेनंतर मुलीची जबाबदारी कुणाची, हे वाचा. संस्था ‘आमची जबाबदारी संपली’ म्हणणार असेल, तर यजमान कुटुंबाने ती लेखी घेतली पाहिजे आणि तुम्ही दोघांनी त्याला लेखी संमती दिली पाहिजे. हे तिन्ही कागद मुलीलाच गोळा करायला सांगा. थांबायचे तिला आहे.

सोळा दिवसांच्या प्रवासाला मी नाही म्हणते, ती मुले बेजबाबदार आहेत म्हणून नव्हे. चौघांतले एकही सज्ञान नाही आणि एकाचेही घर त्या रस्त्यावर नाही, ही माझी अडचण आहे. युरोपातली अनेक वसतिगृहे अठराखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय सामाईक खोलीत ठेवून घेत नाहीत. हे बहुधा रात्री दारात उभे राहिल्यावर कळते. रेल्वे पासातही गोंधळ होतो. युरोपबाहेरच्यांसाठी यूरेल आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल असे दोन पास आहेत, आणि त्यात पासपोर्ट कुठला यापेक्षा वास्तव्य कुठे आहे याला महत्त्व असते. म्हणजे स्वीडनचा निवास परवाना असलेल्या तुमच्या मुलीला इंटररेल घ्यावा लागतो, त्यासाठी वास्तव्याचा पुरावा जवळ बाळगावा लागतो, आणि त्या पासावर वास्तव्याच्या देशात फक्त जाण्याचा एक आणि येण्याचा एक असा प्रवास करता येतो. पास असला तरी अनेक वेगवान आणि रात्रीच्या गाड्यांना आसनाचे वेगळे आरक्षण लागते, आणि सुट्टीच्या दिवसांत ते लवकर संपते. यातली प्रत्येक अडचण सुटण्यासारखी आहे. पण सोळा दिवसांत अशा दहा अडचणी येतात आणि अकरावी येते तेव्हा मुले थकलेली, उपाशी आणि एकमेकांवर चिडलेली असतात. त्या क्षणी निर्णय घ्यायला कुणीतरी मोठे माणूस लागते. दोन वर्षांनी ती हाच प्रवास करू दे. युवकांचा पास सत्तावीस वर्षांपर्यंत मिळतो, त्यामुळे काहीही निसटत नाही.

त्याऐवजी माझी सूचना अशी आहे. सण आटोपून २२ जूनला ती स्टॉकहोमला परतली की, यजमानांच्या थोरल्या मुलीबरोबर तिला तीन-चार दिवस कोपनहेगनला जाऊ द्या. ती चोवीस वर्षांची आहे आणि वर्षभर एका घरात राहिल्यामुळे दोघी एकमेकींना ओळखतात. तिला सवड आहे का, हे अर्थातच आधी विचारावे लागेल, आणि तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च तुम्ही करावा हे बरे दिसेल. स्टॉकहोमहून थेट गाडीने सुमारे पाच तास लागतात. शेवटी स्वीडनचे मालमो शहर सोडले की गाडी ओरेसुंद पुलावर येते. २००० साली खुला झालेला हा पूल जवळपास आठ किलोमीटर समुद्रावरून जातो, एका मानवनिर्मित बेटावर उतरतो आणि तिथून गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते. खिडकीची जागा घ्यायला सांगा.

आणि २३ जून चुकवू नये. त्या संध्याकाळी डेन्मार्कमध्ये सांक्त हान्स म्हणजे संत योहानाची पूर्वसंध्या असते आणि समुद्रकाठी, तळ्याकाठी आगी पेटवतात. शेजारशेजारचे दोन देश, पण स्वीडन मोठी आग एप्रिलअखेरीस पेटवते आणि डेन्मार्क जूनमध्ये. तुमच्या मुलीला एका वर्षात दोन्ही पाहायला मिळतील. डॅनिश आगीवर बहुतेक ठिकाणी चिंध्यांची चेटकीण ठेवलेली असते. सतराव्या शतकात त्या देशात चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसांना, आणि त्यांत मुख्यतः स्त्रियांना, खरोखर जाळले गेले होते, म्हणून ही बाहुली जाळावी का यावर तिथे आज वाद होतो. तुमची मुलगी परतल्यावर तिला याबद्दल काय वाटले ते जरूर विचारा. सतरा वर्षांच्या मुलीशी बोलायला हा फार चांगला विषय आहे.

प्रवासाची तयारी म्हणून थोडेच सांगते. हे देश आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या शेंगेन करारात असले तरी सीमेवर अधूनमधून ओळखपत्र तपासतात, तेव्हा पासपोर्ट आणि निवास कार्ड दोन्ही अंगावर असावेत, यजमानांच्या कपाटात नव्हे. तुम्हा दोघांच्या सहीचे इंग्रजी संमतीपत्र असावे आणि त्यात प्रवासाच्या तारखा, बरोबरच्या मोठ्या व्यक्तीचे नाव आणि दोन्ही घरांचे फोन क्रमांक असावेत. तिचे स्वीडिश सिमकार्ड डेन्मार्कमध्ये बहुधा जादा आकाराविना चालेल, कारण युरोपीय संघात २०१७ पासून तसा नियम आहे. संकटात दोन्ही देशांत ११२ हाच क्रमांक लागतो. स्वीडनचा क्रोना आणि डेन्मार्कचा क्रोन ही नावे सारखी वाटली तरी ती वेगळी चलने आहेत; बँकेचे कार्ड असले की त्याची अडचण होत नाही.

दुसरा प्रवास उत्तरेचा आहे, पण यजमान कुटुंब स्वतः जाणार असेल तरच. स्वीडनमध्ये नोकरदारांना उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा घेण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे ते शक्य असते. स्टॉकहोमहून संध्याकाळच्या गाडीत बसले की दुसऱ्या दिवशी आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे किरुना आणि पुढे आबिस्को येते. आबिस्कोला जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. डिसेंबरचा अंधार सोसलेल्या मुलीने तो उजेड पाहावा असे मला फार वाटते. किरुनाखाली लोखंडाची प्रचंड खाण आहे आणि जमीन खचत असल्याने अख्खे शहर सरकवत आहेत. तिथले शतकाहून जुने लाकडी चर्च २०२५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तुमची मुलगी स्वीडनला पोहोचली त्याच महिन्यात, सबंधच्या सबंध उचलून दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेऊन ठेवले. ते दृश्य देशभर थेट दाखवले जात होते. तिने कदाचित भाषा न समजता ते घरातल्यांबरोबर पाहिलेही असेल. विचारून पाहा.

आता फोटो. ‘त्यात काय एवढे’ असे मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला लागले आहे आणि लागावे असेच ते आहे. स्वीडनमध्ये शिक्षकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणजे यजमान बाईंना नावाने हाक मारण्याची तिला पूर्ण मोकळीक होती. ‘मम्मा’ हा शब्द तिने निवडला. तिला त्या अंधाराच्या महिन्यांत कुणीतरी जवळ घेतले असेल, आजारी असताना कपाळावर हात ठेवला असेल, त्याचे हे नाव आहे. सतराव्या वर्षी परक्या घरात तिला अशी बाई भेटली नसती, तर तुमचे पत्र याहून फार वेगळ्या काळजीचे असते.

तिने फोटो तुम्हाला का पाठवला नाही, याचाही थोडा विचार करा. वालबोर्गची आग अंधार पडू लागल्यावर, रात्री नऊच्या सुमाराला पेटते. सध्या तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचे अंतर आहे, म्हणजे तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि तुम्ही झोपला होतात. पण खरे कारण मला एवढेच वाटत नाही. तो फोटो पाहून आईला काय वाटेल, हे तिला ठाऊक होते. जिला आईची पर्वा उरलेली नसते, ती मुलगी फोटो बेधडक पाठवते. लपवण्यामागे तुमच्या मनाचा विचार आहे, आणि आता तो लपवण्याचे ओझे तिच्यावरून उतरवणे तुमच्या हातात आहे. तुम्हीच तिला सांगा की, फोटो मी पाहिला, मला क्षणभर वाईट वाटले, आणि तुला तिथे एवढी माया मिळाली याचा आनंदही झाला. दोन्ही सांगा. नुसता आनंद झाला म्हणालात, तर तिचा विश्वास बसणार नाही.

त्याच फोनवर तिच्या बाबांनीही बोलावे. ‘मी ऐकून न घेता नाही म्हटले, ते चुकले’ एवढे त्यांनी म्हटले तर ‘हो’, ‘बरी आहे’, ‘जेवले’ या तीन शब्दांचा पहारा सुटेल असा माझा अनुभव आहे. मग त्यांनी तिला एक तक्ता करायला सांगावा : तारीख, त्या रात्री कुठे झोपणार, घर कुणाचे, बरोबर कोण, तिथला फोन. १४ जून ते ५ जुलै, एकवीस ओळी. तक्त्यात एखादी ओळ रिकामी राहिली तर तिच्यावर बोला. सोळा दिवसांच्या प्रवासाला तुम्ही नाही का म्हणत आहात, हेही याच वेळी कारणांसह सांगा. ती रडेल, चिडेल, कदाचित फोन ठेवेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. तिच्या तीन मित्रमैत्रिणींना कोपनहेगनला दोन दिवस येता आले तर त्यांची भेटही होईल, हे तिला सुचवून पाहा.

यजमान बाईंना तुम्ही अजून एकदाही स्वतः पत्र लिहिले नसेल, तर या आठवड्यात लिहा. इंग्रजी साधे असले तरी चालेल. मुलगी लहानपणी कशी होती, आजारी पडली की तिला काय लागते, तिला कशाची भीती वाटायची, असे चार-सहा ओळींत सांगा, आणि मुलीला सांभाळल्याबद्दल आभार माना. शक्य असेल तर मुलीचा पाच-सहा वर्षांची असतानाचा एक फोटो सोबत पाठवा. त्या घरात तिची सतराव्या वर्षाची ओळख आहे. आधीची सोळा वर्षे फक्त तुमच्यापाशी आहेत, आणि त्यांतली थोडी तुम्ही होऊन त्या बाईंना दिलीत, तर तुम्हा दोघींमध्ये मुलीची ओढाताण होणार नाही.

फोनच्या वेळेबद्दल एक सुचवते. तुम्ही रात्रीची जेवणे आटोपून साडेनऊला फोन करत असाल, तर तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. १९ जूनला त्या वेळी ती खांबाभोवती नाचून आलेली असेल आणि बेटावर लांब टेबलाशी सगळ्यांबरोबर जेवायला बसत असेल. त्या दिवशी फोन करू नका. जेवणानंतर मुली सात प्रकारची रानफुले, कुणाशी न बोलता, वेचतात आणि उशाखाली ठेवून झोपतात. पुढे ज्याच्याशी लग्न होईल तो स्वप्नात दिसतो म्हणतात. २१ तारखेच्या रविवारी आपल्याकडे दुपारी दीड वाजता, म्हणजे तिच्या सकाळी दहाला, फोन लावा आणि पहिल्यांदा हेच विचारा की, सातही फुले मिळाली का.